आठ ॲलर्जनचे ड्रॉप्स सुरू करण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. मुलगा ७ वर्षांचा, वजन २२ किलो. दोन वर्षांपासून सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका, नाक चोंदलेलं, रात्री तोंड उघडं टाकून झोप. गेल्या पावसाळ्यात दोनदा छातीत सूं-सूं होऊन नेब्युलायझर लागला. रक्ताच्या ॲलर्जी पॅनेलमध्ये धुळीतल्या माइटचा आकडा ४८, झुरळाचा ६, आणि त्याखाली दूध ०.४, गहू ०.६, शिवाय वांगं, केळं, कोळंबी असं बरंच काही 'पॉझिटिव्ह'. तेव्हापासून चार महिने दूध, पोळी, केळं बंद आहे. आता आठ ॲलर्जन (ॲलर्जी आणणारे पदार्थ) एकत्र असलेले जिभेखालचे ड्रॉप्स तीन वर्षं घ्यायला सांगितलेत. ते घ्यावेत का, त्यापेक्षा इंजेक्शन बरं का, आणि दमा कायमचा जाईल का, हे तुम्हाला हवंय.

माझं मत आधीच सांगतो. या मुलाला इम्युनोथेरपीचा, म्हणजे ज्याचा त्रास होतो तोच पदार्थ थोडा थोडा देऊन शरीराला सवय लावण्याचा, फायदा होण्याची शक्यता चांगली आहे. पण आठ ॲलर्जनची नको, आणि आज लगेच नको. मुळात 'ड्रॉप्स की इंजेक्शन' हा नंतरचा प्रश्न आहे. याला नक्की कशाचा त्रास होतो, हे अजून कुणी नीट ठरवलेलंच दिसत नाही.

रिपोर्टपासून सुरू करू. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्धचं आयजीई (ॲलर्जीतलं प्रतिपिंड) ०.३५ च्या वर गेलं की लॅब 'पॉझिटिव्ह' छापते. त्याचा अर्थ एवढाच, की शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे. त्या पदार्थाने त्रास होतो, असा त्याचा अर्थ नाही. पाच वर्षं रोज कपभर दूध पिऊन ज्याला कधी गांध्या उठल्या नाहीत, उलटी झाली नाही, ओठ सुजले नाहीत, त्याला दुधाची ॲलर्जी नाही, मग कागदावर ०.४ असो. खरी अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते आणि खाल्लं की दर वेळी दिसते. फक्त सकाळच्या शिंका हे तिचं रूप नव्हे.

गव्हाचा ०.६ तर पुष्कळदा गवताच्या परागकणांमुळे येतो. गहू शेवटी गवताच्याच कुळातला, त्यामुळे चाचणीला दोघांतला फरक कळत नाही. कोळंबीचंही तसंच. माइट, झुरळ आणि कोळंबी तिघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळपास सारखं प्रथिन असतं. माइटचा आकडा जास्त असलेल्या मुलाची कोळंबी 'पॉझिटिव्ह' आली तर नवल नाही. तो कालवणातली कोळंबी मजेत खात असेल, तर खाऊ द्या.

पथ्य निरुपद्रवी असतं असं आपल्याकडे धरून चालतात. ते खरं नाही. सात वर्षांच्या मुलाचं दूध आणि पोळी एकदम बंद केली की वजन-उंचीवर परिणाम होतो. इसब असलेल्या मुलात तर चालणारा पदार्थ बरेच महिने बंद ठेवल्यावर परत देताना खरीखुरी रिॲक्शन आल्याचंही पाहण्यात आहे. म्हणून तुमच्या मुलाला इसब नसेल आणि यांपैकी कशाने कधीच त्रास झालेला नसेल, तर हे पदार्थ एकेक करून पुन्हा सुरू करायला हवेत असं तुमच्या डॉक्टरांशी बोला. इसब असेल किंवा मागे कधी काही झालं असेल, तर पहिला घास डॉक्टरांसमोरच.

आता उरले माइट आणि झुरळ. ४८ हा आकडा मोठा आहे आणि लक्षणांशी जुळतो. माइट हा डोळ्यांना न दिसणारा, मिलिमीटरच्या पाव-तिसऱ्या भागाएवढा जीव. आपल्या कातडीचा कोंडा खातो, गादी-उशीत राहतो, दमट हवेत फोफावतो. रात्रभर नाक उशीला टेकलेलं, म्हणून शिंका सकाळी. पावसाळ्यात हवा दमट, शिवाय सर्दीचे विषाणू फिरत असतात, म्हणून छाती तेव्हाच भरते. गोष्ट आणि चाचणी एकमेकींना धरून आहेत, आणि इम्युनोथेरपीचा निर्णय याच जुळणीवर घ्यायचा असतो.

तरी खात्रीसाठी त्वचेवरची प्रिक टेस्ट करून घ्यावी. हातावर थेंब ठेवून बारीक टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. साध्या सलाइनच्या थेंबापेक्षा किमान ३ मिमी मोठी असेल तर पॉझिटिव्ह. शेजारी हिस्टामिनचा (ॲलर्जीत शरीरातून सुटणाऱ्या रसायनाचा) थेंब असतो, त्याची गांध उठलीच पाहिजे. ती उठली नाही, तर अख्खी टेस्ट बाद. याचं नेहमीचं कारण म्हणजे आदल्या दिवशी दिलेलं सर्दीचं सिरप. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन आणि खोकल्याच्या औषधातलं क्लोरफेनिरामिन सात दिवस आधी बंद हवं. मॉन्टेलुकास्ट या ॲलर्जी-दम्याच्या औषधाच्या जोडगोळीतही लेव्होसेटिरिझिन असतं, हे बऱ्याच पालकांच्या लक्षात येत नाही. दम्याचा पंप आणि नाकाचा स्प्रे मात्र टेस्टसाठी थांबवायचा नाही. त्या दिवशी छाती भरलेली असेल तर टेस्टच पुढे ढकला.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण गाळतात. इम्युनोथेरपी हा पायाभूत उपचारांवर चढवायचा मजला आहे. पाया घातलाच नसेल तर औषधाचा गुण आला की आला नाही, हेही कळणार नाही. नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दिला होता, 'फरक पडला नाही' असं तुम्ही लिहिलंय. किती दिवस आणि कसा मारला, हे लिहिलेलं नाही. स्प्रे रोज, न चुकता, किमान चार आठवडे मारावा लागतो. पूर्ण गुण यायलाच आठवडा-दोन आठवडे जातात. नवी बाटली आधी हलवून, हवेत काही फवारे मारून चालू करायची. नाक हलकं शिंकरायचं, मान किंचित पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने राहतं. ते मधल्या पडद्याकडे रोखलं की घोळणा फुटतो आणि आई घाबरून औषध बंद करते. फवारल्यावर जोरात नाक ओढायचं नाही. घशात कडवट चव आली, तर औषध पोटात गेलं असं समजा. 'स्टेरॉइड' शब्दाने दचकू नका. फ्लुटिकासोन फ्युरोएटचा मुलांचा नेहमीचा डोस प्रत्येक नाकपुडीत एक फवारा, म्हणजे २७.५ मायक्रोग्रॅम, आणि त्यातलं फार थोडं रक्तात जातं. तरीही दर सहा महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहावी. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र चार-पाच दिवसांपेक्षा जास्त नकोत. ते थांबवले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं.

तोंड उघडं ठेवून झोपतो आणि घोरतोही, असं असेल तर ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) एकदा तपासून घ्या. ते फार वाढलेले असतील तर कुठलीही इम्युनोथेरपी ते लहान करणार नाही.

मॉन्टेलुकास्टबद्दल एक वाक्य. ते चालू असताना मूल चिडचिडं झालं, रात्री किंचाळून उठू लागलं, तर डॉक्टरांना लगेच सांगा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये याबद्दल सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला आहे.

घरात काय करायचं? गादी आणि उशीला चारही बाजूंनी चेनने बंद होणारी, घट्ट विणीची माइटरोधक खोळ. वरची चादर आणि अभ्रे आठवड्याला ६० अंश पाण्यात. कापसाची जुनी गादी असेल तर ती बदलण्यात पैसे घाला, हवा शुद्ध करणारं यंत्र नंतर. माइटचं ॲलर्जन जड असतं. ते हवेत फार वेळ तरंगत नाही, गादीतच बसतं, त्यामुळे यंत्र खोलीच्या कोपऱ्यात गुरगुरत राहतं आणि उशी जशीच्या तशी. गादीला कडक ऊन दाखवणं चांगलंच. ऊन पडत नसेल तेव्हा दमट हवेत गादी गच्चीवर टाकून उपयोग नाही. नुसत्या खोळीने शिंका थांबतील अशी आशा नको. तिचा उपयोग मुख्यतः दम्याचे झटके कमी करण्यात दिसला आहे. झुरळांसाठी फवारणीपेक्षा जेलचे ठिपके वापरा, कारण फवाऱ्याच्या वासानेच दमा उसळतो.

आणि तिसरा पाया छातीचा. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दम लागला का? खोकल्याने रात्री जाग आली का? निळा (लगेच आराम देणारा) पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? खेळताना मध्येच बसतो का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर दमा अजून आटोक्यात नाही, आणि अशा मुलाला इम्युनोथेरपी सुरू करू नये. हे तत्त्व सोयीनुसार वाकवण्यासारखं नाही. इंजेक्शननंतर झालेल्या दुर्मिळ मृत्यूंमध्ये आटोक्यात नसलेला दमा हे वारंवार सापडलेलं कारण आहे. सात वर्षांचं मूल स्पायरोमेट्री (जोरात फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी) करू शकतं. त्यात पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेल्या हवेचं प्रमाण अपेक्षेच्या ७० टक्क्यांखाली असेल तर थांबायचं, आधी स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून रोजचा पंप नीट बसवायचा. पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात करणंही टाळा. दिवाळीनंतर, छाती शांत असताना केलेली बरी.

एवढं सगळं तीन महिने नीट करूनही नाक त्रास देत असेल, किंवा औषध थांबवलं की लगेच उलटत असेल, तर इम्युनोथेरपीला तुमचा मुलगा योग्य आहे. वय पाचच्या पुढे, ठळक ॲलर्जन एक, लक्षणांशी जुळणी पक्की.

ही पद्धत नवी नाही. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांचा अर्क टोचून सुरुवात केली. तत्त्व आजही तेच आहे. ज्याचा त्रास होतो तोच पदार्थ अगदी थोड्या मात्रेने सुरू करून वाढवत नेणं आणि मग ठरावीक मात्रा वर्षानुवर्षं देणं. हळूहळू शरीर त्याच्याविरुद्ध वेगळ्या जातीची, आयजीजी-४ ही प्रतिपिंडं बनवतं आणि ॲलर्जी चेतवणाऱ्या पेशी शांत राहायला शिकतात. गोळ्या आणि स्प्रे लक्षणं दाबतात, ही मुळाच्या सवयीत हात घालते. म्हणूनच तिला तीन वर्षं लागतात.

आता आठ ॲलर्जनचं. बाटली तेवढीच, द्राव तेवढाच. एका ॲलर्जनची बाटली असती तर सगळी जागा माइटची होती. आठ घातले की त्याच्या वाट्याला एक अष्टमांश. इम्युनोथेरपीचा गुण मात्रेवर अवलंबून असतो. पातळ माइट तीन वर्षं दिला तरी हाती फार काही लागत नाही. दुसरी अडचण आहे झुरळ आणि बुरशीच्या अर्कांची. त्यांत प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स असतात. ती परागकणांच्या अर्काबरोबर एकाच बाटलीत ठेवली तर त्याला पोखरून काढतात. शिवाय मुलांमधले भक्कम अभ्यास मुख्यतः एकेका ॲलर्जनवरचे आहेत. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा की फक्त माइटची बाटली करता येईल का. 'सगळं कव्हर होऊ दे' हा विचार विम्याच्या पॉलिसीला ठीक आहे. आणि दूध, गहू, वांगं यांचे अर्क त्या बाटलीत असतील तर तिथे उपचारच चुकीचा आहे. अन्नाची इम्युनोथेरपी अशी नसते.

बाटली हातात आली की लेबल वाचा. ॲलर्जनचं नाव, तीव्रता, मुदत, बाटलीचा क्रमांक. तीव्रता १:५०००, १:५००, १:५० अशी लिहिलेली असते आणि इथेच घोळ होतो. मोठा आकडा म्हणजे पातळ, लहान आकडा म्हणजे घट्ट. १:५० 'कमी' समजून पहिल्या दिवशी तीच बाटली उघडली, तर डोस शंभरपट होतो. सगळ्या बाटल्या घरी एकदम नेऊ नका. जी चालू आहे तेवढीच फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रीझरमध्ये नको, गोठली की टाकून द्यायची. दारातल्या कप्प्यातही नको, तिथे तापमान सारखं बदलतं. मे महिन्यात गावी जाताना बर्फाच्या डब्यात न्या, पण बाटली कापडात गुंडाळून, बर्फाला थेट न टेकवता.

ड्रॉप्स की इंजेक्शन? पुरेशा मात्रेत दिलं तर दोन्ही काम करतात. इंजेक्शन म्हणजे आधी तीन ते सहा महिने दर आठवड्याला, मग दर चार आठवड्यांनी एक, आणि प्रत्येक वेळी दवाखान्यात ३० मिनिटं बसणं. ही अर्ध्या तासाची अट टाळणाऱ्या ठिकाणी टोचून घेऊ नका. गंभीर रिॲक्शन बहुतेक करून त्याच वेळात येते. तिथे ॲड्रिनलिन (अशा रिॲक्शनवरचं तातडीचं औषध) तयार हवं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. तुमच्या २२ किलोच्या मुलाला १ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या ॲम्प्यूलमधलं ०.२२ मिली. नर्सला हा आकडा विचारायला लाजू नका. पटकन उत्तर आलं, तर ती जागा बरी. तयार ॲड्रिनलिन पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे ही तयारी दवाखान्यातच असायला हवी. इंजेक्शनच्या दिवशी ताप, खोकला, छातीत घरघर असेल तर डोस पुढे ढकला, आणि नंतरचे दोन-तीन तास धावपळ, क्रिकेट नको. हातावर तळहाताएवढी सूज आली तर बर्फ लावा आणि पुढच्या डोसआधी सांगा. बाकी नियमित लशी त्याच दिवशी नकोत, आठवड्याचं अंतर ठेवा.

ड्रॉप्स घरी घेता येतात आणि गंभीर रिॲक्शन फारच क्वचित येते. सात वर्षांच्या मुलासाठी मी शक्यतो यांचाच विचार आधी करतो. पहिला डोस मात्र दवाखान्यात, अर्धा तास थांबून. घरी रोज एकाच वेळी द्या. थेंब जिभेखाली टाका, दोन मिनिटं धरून ठेवायला लावा, मग गिळू द्या, आणि नंतर पाच मिनिटं पाणीसुद्धा नाही. दोन मिनिटं मोठ्याने अंक म्हटले की मूल बोलण्याच्या नादात गिळून टाकतं, म्हणून आपण मोजायचं आणि त्याने बोटं दाखवायची. पहिले काही आठवडे तोंडात खाज आणि ओठांना चुरचुर येते, ती बहुतेकदा अर्ध्या तासात जाते. सात वर्षांचं वय म्हणजे दुधाचे दात पडायचे दिवस. दात पडला, तोंड आलं, हिरडीला जखम झाली, तर बरं होईपर्यंत थेंब नाहीत. गिळताना छातीत अडकल्यासारखं वाटू लागलं तर बंद करून डॉक्टरांना भेटा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. आठवड्याहून जास्त खंड पडला तर मात्रा पुन्हा किती धरायची, ते डॉक्टर ठरवतील.

ड्रॉप्सचा खरा शत्रू कंटाळा आहे. दोन महिन्यांनी शिंका कमी होतात (बहुधा स्प्रेमुळे), घरचे म्हणतात 'बरा झाला', आणि बाटली मागच्या कप्प्यात जाते. रोज सकाळी देणारं माणूस घरात पक्कं नसेल तर इंजेक्शनसाठी दवाखान्यात जाणं परवडलं. तुमच्या घरी मुलाला कोण सांभाळतं, यावर हा निर्णय आहे, औषधावर कमी.

आणखी एक सावधगिरी. 'वर्षातून दोन इंजेक्शनं, ॲलर्जी बंद' असं कुणी सांगितलं तर कुपीवरचं नाव वाचा. ट्रायमसिनोलोनसारखं लांब टिकणारं स्टेरॉइड असेल तर ती इम्युनोथेरपी नव्हे. नाक चार-सहा आठवडे छान राहतं, किंमत मात्र मुलाच्या वाढीने मोजावी लागते.

दम्याबद्दल. युरोपात ६ ते १४ वर्षांच्या, परागकणांची ॲलर्जी असलेल्या मुलांना तीन वर्षं इंजेक्शनं दिली, तेव्हा उपचार सुरू केल्यापासून दहा वर्षांनंतरही त्यांच्यात दमा कमी आढळला. त्यानंतरच्या ८१२ मुलांच्या मोठ्या चाचणीत गवताच्या परागकणांच्या जिभेखालच्या गोळ्यांनी दम्याचं निदान पुढे ढकललं गेलं नाही, पण दम्याची लक्षणं आणि दम्याच्या औषधांची गरज कमी झाली. म्हणजे 'दमा कायमचा जाईल' असं वचन मी देणार नाही. तुमच्या मुलाची छाती आधीच दोनदा भरली आहे, त्याच्या बाबतीत माइटच्या उपचाराने पंपाची गरज कमी व्हावी, एवढी वाजवी अपेक्षा ठेवा. उपचार सुरू झाला म्हणून पंप बंद करू नका. तो कमी करायचा डॉक्टरांनी, पायरी-पायरीने.

तुम्ही शेवटी ओमॅलिझुमॅब आणि शेंगदाण्याच्या इम्युनोथेरपीबद्दल वाचल्याचं लिहिलंय. पहिलं इंजेक्शन आयजीईलाच बांधून टाकतं. ते सहा वर्षांवरच्या तीव्र दम्यासाठी आहे, दर दोन ते चार आठवड्यांनी घ्यावं लागतं, आणि बंद केलं की असर जातो. शेंगदाण्याचं मोजून-मापून दिलेलं चूर्ण अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं, पण ते खऱ्या, सिद्ध झालेल्या शेंगदाणा-ॲलर्जीसाठी, दवाखान्यात डोस वाढवत द्यायचं. तुमच्या मुलाला दोन्हींची गरज नाही. घरी चिमूटभर दाण्याचं कूट वाढवत नेण्याचा प्रयोग तर कुणीच करू नये.

आता हिशेब कसा ठेवायचा. सुरू करायच्या आधीच्या महिन्यात एक साधी वही करा. रोज रात्री नाकाला ० ते ३, छातीला ० ते ३, आणि त्या दिवशी कोणतं औषध लागलं. वर्षाने, त्याच ऋतूत, पानं शेजारी ठेवा. पूर्ण मात्रेचं एक वर्ष होऊनही आकडे तसेच असतील तर उपचार ओढत नेऊ नका. निदान, बाटलीतलं ॲलर्जन, मात्रा आणि किती डोस खरंच पोटात गेले, हे आधी तपासा. आकडे उतरले असतील तर तीन वर्षं पूर्ण करा. मध्येच सोडलं तर सुधारणा फार दिवस टिकत नाही. तीन वर्षांनंतर थांबवल्यावर गुण बऱ्याच मुलांत काही वर्षं राहतो. काहींना पुन्हा त्रास सुरू होतो, तेव्हा दुसरी फेरी देता येते. वही फेकू नका, तेव्हा तीच लागेल.